उपयोजकनिर्णय: नागभीड-संप्रदायाचे प्रथम प्रकरण

प्रत्येक शास्त्राला एक अधिष्ठान असते. न्यायाला प्रमाण, व्याकरणाला पद, आयुर्वेदाला दोष; तसा जालस्थल-सुगमताशास्त्राला उपयोजक. संकेतस्थळ ज्याच्यासाठी रचायचे तो कोण, हे एकदा निश्चित झाले की बटण कोठे असावे, अक्षर केवढे असावे, रकाने किती असावेत हे उपप्रश्न आपोआप सुटतात, अशी या शास्त्राच्या पाश्चात्त्य आचार्यांची धारणा आहे. डॉन नॉर्मन यांनी १९८८ साली दारे, शेगड्या आणि दिव्यांची बटणे यांचे दोषविवेचन करून, चूक बहुधा माणसाची नसते, वस्तूच्या रचनेची असते, असे प्रतिपादले. जेकब नील्सन यांनी १९९४ मध्ये दहा सूत्रे ग्रथित केली. आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या अकराव्या भागाने १९९८ साली सुगमतेचे लक्षण सांगितले: विशिष्ट उपयोजकांनी, विशिष्ट संदर्भात, विशिष्ट उद्दिष्टे परिणामकारकतेने, कार्यक्षमतेने आणि समाधानाने साध्य करणे. भारत सरकारनेही शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. ही सर्व परंपरा आदरणीय होय. तिच्यात एकच न्यून आहे. उपयोजक हा पदार्थ तिने सिद्ध धरला, साध्य धरला नाही. तो एक आहे, त्याला दोन डोळे आहेत, ते पडद्याकडे आहेत आणि काम त्याचेच आहे, या चार गोष्टी तिने कधी तपासल्या नाहीत.

त्या तपासण्याचे कार्य नागभीडच्या वाट्यास आले, हे स्थानमाहात्म्याशी सुसंगतच म्हणावे लागेल. चंद्रपूर जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण धानाच्या बांध्या आणि घोडाझरीचे अरण्य यांच्या मध्ये वसले आहे. परंतु शास्त्रदृष्ट्या त्याचे वैशिष्ट्य लोहमार्गांत आहे. गोंदिया–बल्लारशा हा रुंद मार्ग आणि नागपूरहून येणारा ७६२ मिलिमीटरचा अरुंद मार्ग येथे एकमेकांस भेटत. रुंदीकरणासाठी २०१९ च्या नोव्हेंबरात छोटी गाडी बंद झाली, तोवर एका मापाच्या डब्यातून उतरून बोचक्यासह दुसऱ्या मापाच्या डब्यात चढणे हे येथील नित्यकर्म होते. परस्परांशी न जुळणाऱ्या दोन यंत्रणांच्या संधिस्थानी मनुष्याने कसे उभे राहावे, याचा अभ्यास येथे संगणकापूर्वीच परिणत झाला होता.

क्षेत्रलक्षण

ज्या स्थानी मेजाच्या एका बाजूस संगणक आणि दुसऱ्या बाजूस काम असलेला मनुष्य असतो, त्यास केंद्र म्हणावे. शासकीय परिभाषेत त्याला आपले सरकार सेवा केंद्र म्हणतात. लोकव्यवहारात सेतू किंवा नुसते ‘ऑनलाइनवाला’. फलकावर सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पॅनकार्ड, झेरॉक्स, लॅमिनेशन अशा उतरत्या गांभीर्याने सेवा लिहिलेल्या असतात. मॉनिटरचे मुख केंद्रचालकाकडे आणि पाठ अर्जदाराकडे असते.

या शेवटच्या वाक्याकडे विद्वानांचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ज्या दृश्यासाठी रंगसंगती ठरली, बोधचिन्हे योजिली, मोकळ्या जागेचे प्रमाण चर्चिले गेले, ते दृश्य ज्याच्या कामासाठी उघडले आहे त्यालाच दिसत नाही. त्याला दिसतात ती मॉनिटरच्या पाठीवरील वायुच्छिद्रे, तारांचा जुडगा आणि निर्मात्याचे अर्धवट सोललेले चिकटपत्र. या दर्शनास पश्चाद्दर्शन अशी संज्ञा आहे. त्याची तीन आसने मानली जातात. प्लास्टिकच्या खुर्चीवर सरळ बसणे, हे उपविष्ट. केंद्रचालकाने ‘हं’ म्हणताच खुर्चीपासून वीतभर वर येऊन तसेच राहणे, हे अर्धोत्थित. मान मॉनिटरच्या कडेने पुढे काढून पडद्याचा एक उभा पट्टा पाहणे, हे वक्र. वक्रासन फार काळ टिकत नाही. ‘मामाजी, बसा ना जी, होऊन रायलं’ या प्रतिवचनाने साधक पुन्हा उपविष्टात येतो. काही ग्रंथकार उंबरठ्यावर उभे राहण्यास चौथे आसन मानतात. परंतु त्यात दर्शनच नसल्याने आम्ही ते स्वीकारत नाही.

चार वाद

अशा केंद्रात एका अर्जाचा उपयोजक कोण, याविषयी नागभीड-संप्रदायात चार वाद प्रचलित आहेत. उदाहरणार्थ प्रधानमंत्री किसान योजनेची ई-केवायसी घेऊ. वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत, खात्यावर जमा होतात. आणि ते होत राहावेत म्हणून शेतकऱ्याने आपण आपणच आहोत हे संकेतस्थळास पटवून द्यायचे असते. हा विषय वस्तुतः वेदान्ताचा आहे. तथापि येथे आपण त्याच्या प्रयोगांगापुरते पाहू.

(१) मूषकधरवाद. ज्याच्या हाती मूषक, तोच उपयोजक, असे या वादाचे प्रतिपादन आहे. पडद्याशी प्रत्यक्ष इंद्रियसंनिकर्ष केवळ केंद्रचालकाचा होतो. म्हणून संकेतस्थळ त्याच्यासाठी. वाद साधा आहे आणि पाश्चात्त्य आचार्यांना तोच अभिप्रेत असावा. आक्षेपही साधा आहे: केंद्रचालकाला दोन हजार मिळत नाहीत. शिवाय तो दिवसभर एकच पान उघडत असल्याने त्याला बटणे दिसत नाहीत, केवळ त्यांच्या जागा ठाऊक असतात. संकेतस्थळाची रचना बदलली की तो ते पान वाचू लागतो, आणि केंद्रात शांतता पसरते. नवी, अधिक सुगम रचना आल्याची हीच खूण होय.

(२) अंगुष्ठवाद. ज्याचा अंगठा, त्याचे कर्म, कर्तृत्व आणि भोक्तृत्व. हा वाद तर्कशुद्ध आहे. अडचण अंगठ्याची आहे. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे पुडे बांधून आणि आषाढ-श्रावणात रोवणीच्या चिखलात राबून अंगठ्यावरील रेषा इतक्या झिजतात की यंत्र तो ओळखत नाही. मानवजातीत केवळ कष्ट न करणाऱ्यांचीच ओळख निर्विवाद पटते, हा निष्कर्ष या वादातून अपरिहार्यपणे निघतो. त्याचे सामाजिक तात्पर्य अन्य शास्त्रकारांनी काढावे. सुगमताशास्त्राला एवढेच सांगावयाचे आहे की अंगठा न उमटल्यास करावयाच्या उपचारांवरून या वादाच्या दोन शाखा झाल्या. आर्द्रपक्ष ओल्या फडक्याने अंगठा पुसावा असे म्हणतो. स्निग्धपक्षाच्या मते तो डोक्याच्या केसांवरून फिरवावा, म्हणजे तेलाने रेषा उठतात. ओला अंगठा केसांवरून फिरविणारे समन्वयवादीही आढळतात. तिसऱ्या प्रयत्नानंतर सर्व शाखा तर्जनीकडे वळतात, आणि तेव्हा वादाचे नावच बाधित होते.

(३) संकेतवाद. अंगठा निष्फळ ठरला म्हणजे सहा अंकांचा संकेत मोबाइलवर येतो. तो ज्याच्या मोबाइलवर येतो तोच खरा उपयोजक, असे हा वाद मानतो. त्याची गहनता अशी, की आधारला जोडलेला क्रमांक सहसा घरात नसतो. तो क्रमांक मुलाचा असतो. मुलगा चाकणला कंपनीत असतो, किंवा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला असतो. म्हणजे अंगठा नागभीडला, मूषक केंद्रचालकाच्या हाती आणि संकेत शेकडो कोस दूर शेताच्या बांधावर. उपयोजकाची ही त्रिधा-विभक्त स्थिती नील्सन यांच्या सूत्रांत कोठेही आलेली नाही.

या वादात पाठपरंपरेचा विचार अत्यंत सूक्ष्म आहे. मुलाने दूरध्वनीवरून संकेत सांगण्याच्या तीन पद्धती आहेत. एकैकपाठात अंक सुटे उच्चारले जातात. युग्मपाठात दोन-दोन अंक जोडून, उदाहरणार्थ ‘एकोणसाठ, सत्तावीस, चौऱ्याऐंशी’. त्रिकपाठात ‘पाचशे ब्याण्णव, सातशे चौऱ्याऐंशी’. हा पाठ बँकेत खाते असलेल्या घराण्यांतच टिकून आहे. युग्मपाठ जलद आहे, पण त्यात एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांचा भेद वाऱ्यात विरतो. आणि मुलगा मुकादमाच्या सहवासाने हिंदीत ‘उनसठ’ म्हणू लागला की केंद्रातील सर्वजण आपापला अर्थ लावतात. तेव्हा केंद्रचालक ‘एकेक आकडा सांग ना बे’ असे सूत्र उच्चारतो आणि परंपरा एकैकपाठावर स्थिरावते. वेदपाठाप्रमाणे येथेही शेवटी अनुवाचन होते: केंद्रचालक सहाही अंक परत म्हणतो, मुलगा ‘हो’ म्हणतो आणि त्याच क्षणी संकेताची मुदत संपते.

(४) पार्श्वस्थवाद. या वादाच्या अनुयायांचे त्या दिवशी केंद्रात स्वतःचे काही काम नसते. एकजण झेरॉक्सला आलेला असतो, एकजण आधीच्या अर्जाची छापील प्रत वाळेपर्यंत थांबलेला असतो, एकजण पंख्याखाली असतो. तरी अर्ज पूर्ण होतो तो त्यांच्यामुळे, कारण कॅप्चा तेच वाचतात. ही परीक्षा फॉन आन प्रभृतींनी २००३ सालच्या निबंधात शास्त्रबद्ध केली. समोर यंत्र नसून मनुष्य आहे याची यंत्राने खातरजमा करावी, हा तिचा हेतू. वाकडी, रेघांनी खोडलेली रोमन अक्षरे मनुष्यालाच वाचता येतात, असे गृहीत होते. नागभीडचा अनुभव असा, की एका मनुष्याला ती वाचता येत नाहीत, चौघांना येतात. एक म्हणतो शून्य, दुसरा म्हणतो ओ. उभी रेघ लहान एल, मोठा आय, की एक आकडा, यावर तर त्रिपक्षी शास्त्रार्थ होतो. बहुमताने निर्णय झाला की अक्षरे टाकली जातात. ज्या मनुष्याचे मनुष्यत्व सिद्ध करावयाचे आहे तो या काळात पश्चाद्दर्शनात मग्न असतो आणि त्याला रोमन लिपी येतेच असे नाही. त्याचे मनुष्यत्व पंचांच्या साक्षीने सिद्ध होते. गावगाड्यास ही पद्धत नवीन नाही.

सिद्धान्तपक्ष आणि त्यावरील एक आक्षेप

चारही वाद अंशतः सत्य असल्याने सिद्धान्त असा: उपयोजक हा संघात आहे. मूषक, अंगुष्ठ, संकेत आणि पार्श्व हे त्याचे अवयव; अर्ज हा त्याचा देह; ‘आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला आहे’ हे पडद्यावरील वाक्य म्हणजे त्या देहाचा मोक्ष, कारण त्यानंतर अवयव विखुरतात आणि पुन्हा त्याच रचनेत कधी एकत्र येत नाहीत.

येथे आक्षेपक ई-पीक पाहणी पुढे करतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात आलेल्या या योजनेत शेतकरी स्वतः बांधीत उभा राहून, स्वतःच्या मोबाइलने, स्वतःच्या धानाचे छायाचित्र काढतो; तेथे मॉनिटर नाही, पाठ नाही, केंद्र नाही. म्हणून निदान बांधीत तरी उपयोजक एक आहे, असे त्याचे म्हणणे. आक्षेप वजनदार वाटतो, पण प्रत्यक्ष पाहता बांधीत दोघे आढळतात. शेतकरी चिखलात उभा असतो आणि मोबाइल पुतण्याच्या हातात असतो, कारण मोबाइल पुतण्याचा आहे. पुतण्या छायाचित्रात काकांना घेतो. ते आवश्यक नाही हे त्यास सांगितले असतानाही घेतो. अंतराय नेटवर्कचा आला तर दोघेही धुऱ्यावर येऊन उंच जागा शोधतात, आणि तेथे तिसरा भेटतो. सिद्धान्त अबाधित राहतो.

या सिद्धान्ताचा एक उपफल-विचार विलक्षण आहे. नील्सन यांनी २००० साली सांगितले, की संकेतस्थळाची परीक्षा पाच उपयोजकांवर घेतली तरी त्यातील बहुतेक दोष उघडे पडतात. नागभीडला एका अर्जाभोवती अंगठा, मूषक, दूरस्थ मुलगा आणि किमान दोन पार्श्वस्थ मिळून पाचजण सहज भरतात. म्हणजे येथील प्रत्येक अर्ज ही शास्त्रोक्त सुगमता-परीक्षा आहे, दिवसभर चालू आहे आणि तिचे निष्कर्ष प्रत्येक वेळी मोठ्याने उच्चारले जातात. ते लिहून घेणारा तेवढा तेथे नसतो. हा दोष प्रयोगाचा मानावा की प्रयोगशाळेचा, यावर मतभेद आहेत.

प्रतीक्षाचक्र

पडद्यावर जे वर्तुळ फिरते त्यास प्रतीक्षाचक्र म्हणतात. नील्सन यांनी १९९३ मध्ये कालमर्यादा घालून दिल्या: एक दशांश सेकंदापर्यंत क्रिया तात्काळ भासते, एका सेकंदापर्यंत विचारधारा अखंड राहते, दहा सेकंदांनंतर लक्ष अन्यत्र जाते. नागभीडला ही कालगणना अपुरी पडली, कारण येथील व्यवहार दहा सेकंदांनंतर सुरू होतात. म्हणून पुढील श्रेणी मानली जाते. निमिषचक्र केवळ ग्रंथांत आढळते. चहाचक्रात अर्जदार बाहेर जाऊन चहा घेऊन येतो. बाजारचक्रात तो आठवडी बाजार करून येतो आणि ‘झालं का जी?’ असे दारातूनच विचारतो. सर्वांत दीर्घ ते रोवणीचक्र; ‘रोवणी झाल्यावर या’ या वाक्याने त्याचा आरंभ होतो.

मग पडदा न दिसणाऱ्यास चक्र फिरते आहे हे कळते कसे? अनुमानाने. धुरावरून अग्नी जाणावा तसे केंद्रचालकाच्या देहावरून चक्र जाणावे. त्याची तीन लिंगे: हात मूषकावरून उठणे, पाठ खुर्चीला टेकणे, खिशातून मोबाइल निघणे. पहिली दोन असूनही चक्र नसू शकते. केंद्रचालकास जांभई आलेली असेल. तिसरे लिंग प्रकट झाल्यावर शंकेस स्थान उरत नाही, मात्र मोबाइल वाजला म्हणून काढला असल्यास तो हेत्वाभास समजावा. या सर्वांवर ‘गोल फिरून रायला’ हे शब्दप्रमाण बलवत्तर आहे. ते मिळाल्यावर उपविष्ट अर्जदार पाय खुर्चीवर घेतो.

चक्र चालू असताना सादर करण्याचे बटण पुन्हा दाबणे, या पुनःपीडनाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सर्वजण ते करतात.

नामभ्रम

यादीतून गाव निवडण्याचा प्रसंग मात्र विस्ताराने पाहिला पाहिजे, कारण नील्सन यांचे दुसरे सूत्र येथे कसाला लागते: यंत्रणेने उपयोजकाच्या जगातील नावे वापरावीत. भूलेखाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव असा अवरोह आहे. चंद्रपूर जिल्हा, नागभीड तालुका, येथवर प्रवास निर्विघ्न होतो. रेल्वेचे तिकीट काढताना मात्र तेच गाव ‘नागभीर’ होते. आणि शेवटचे व्यंजन ड की र हे ज्यास ठाऊक नाही त्याच्यासाठी त्या यादीत असे स्थानकच नसते. याहून गंभीर प्रकार नांदेडचा. नांदेड हे नागभीड तालुक्यातील गाव आहे. ज्या संकेतस्थळावर अवरोह न करता शोधचौकटीत सरळ नाव टाकता येते, तेथे या गावचा रहिवासी नाव टाकताक्षणी मराठवाड्यात पोहोचतो, गोदावरीकाठी, आणि तेथून त्यास परत आणणे मूषकधरालाही जड जाते. या अवस्थेस शास्त्रात नांदेडभ्रम असे नाव आहे.

विशेष हे, की नाव देण्याचे शास्त्र याच नांदेडात परिपूर्ण झाले होते. दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत निवडून सिद्ध केलेला बारीक तांदूळ त्या काळी घरोघरी ठाऊक असलेल्या मनगटी घड्याळाच्या नावाने प्रसिद्ध झाला: एचएमटी. जिभेवर आधीच असलेला शब्द, तीन अक्षरे, उच्चारात संदेह नाही, दुसऱ्या वाणाशी गोंधळ नाही. दादाजींचे २०१८ च्या जूनमध्ये निधन झाले. त्यांचा वाण कोणत्याही कॅप्चाविना राज्याबाहेरही पसरला. संकेतस्थळांवरील ‘तपशील अद्ययावतीकरण विनंती प्रारूप’ या कळीचे नामकरण ज्यांनी केले, त्यांनी एकदा धानाच्या बाजारात बसावे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

निशासाधना

सर्व्हर डाऊन असणे ही या क्षेत्रातील स्वाभाविक अवस्था असून सर्व्हर चालू असणे हा तिचा अपवाद होय, असे मानणारा एक दैववादी पंथ आहे. त्याचा आचारधर्म निशासाधना. रात्री अकरानंतर भार उतरतो, चक्र हलके फिरते, पाने सुखाने उघडतात, हा अनुभव सर्वत्र मान्य आहे. पण अर्जदाराने त्या वेळी केंद्रात असावे, तर परतीचा रस्ता ब्रह्मपुरी वनविभागातून जातो आणि त्या रस्त्यावर वाघाचा अधिकार आधीचा आहे. यास्तव अर्जदार कागद केंद्रचालकाजवळ ठेवून दिवसाउजेडी घरी जातो आणि साधना परोक्ष होते. परोक्ष साधनेत अंगठा लागला की ती खंडित होते. संकेत लागला की मध्यरात्री तेलंगणात फोन वाजतो. सुगमताशास्त्रात व्याघ्रविचाराचा समावेश करावा की नाही, यावर पाश्चात्त्य मानके अद्याप मौन आहेत.

समाधानतत्त्व

आयएसओने सांगितलेल्या तीन अंगांपैकी परिणामकारकता अर्ज सादर झाल्यावर कळते. कार्यक्षमता बाजारावरून परतलेला अर्जदार सांगतो. तिसरे अंग समाधान. ते संकेतस्थळ स्वतः मोजते. शेवटच्या पानावर पाच तारका येतात आणि आपला अनुभव कसा होता असा प्रश्न येतो. त्या कोणी द्याव्यात? संघाताचा प्रत्येक अवयव अधिकार सांगू शकतो. अंगुष्ठाचे काम झालेले असते. संकेताची झोपमोड झालेली असते. पार्श्वस्थांनी अक्षरे वाचलेली असतात. परंतु तारकांपर्यंत हात फक्त मूषकधराचा पोहोचतो, आणि त्या दिल्याविना ते पान मिटत नाही, तर पुढचा अर्जदार एव्हाना अर्धोत्थितात आलेला असतो. म्हणून पाचवी तारका दाबली जाते. एक तारका दाबण्यासही तेवढेच श्रम लागतात, हे खरे. तरी पाचवीच दाबली जाते, कारण ती मूषकाच्या अधिक जवळ असते.

ज्याचे समाधान नोंदले गेले तो त्या वेळी छापील प्रत पन्नीत घालून सुट्या पैशांची वाट पाहत असतो. सुट्या पैशांचा विचार हा या शास्त्राच्या कक्षेत येत नाही. त्यास स्वतंत्र प्रकरण लागेल.